घडीवर कापलेला संडास

प्रिय बटण,

रागावलीस तरी पत्र फाडू नकोस, आधी वाच. फाडायचंच असेल तर शिवणीवरून फाड, असं लिहिणार होते, पण तुला माझे विनोद आता चालतात की नाही कोण जाणे. आठ महिने झाले. फोन केला की तुझी सून उचलते आणि आई झोपल्यात म्हणते. सकाळी दहाला झोपलेल्या, दुपारी चारला झोपलेल्या. परवा संध्याकाळी सहाला केला, तर तेव्हाही झोपलेल्या. अगं, चाळीस वर्षांत तुला दिवसा डुलकी काढताना मी एकदा पाहिलं नाही, आणि आता एकदम अशी काय झोप लागली? कधी चुकून तू स्वतः उचललास, तर 'बरी आहे, गुडघे दुखतात' एवढं बोलून ठेवून देतेस. त्या बिचाऱ्या गुडघ्यांवर किती दिवस ढकलणार आहेस? म्हणून लिहायला बसले. पत्राला 'झोपल्यात' असं सांगता येत नाही.

बातमी अशी की आपल्या खोलीला संडास झाला. हो, आपल्याच मागच्या खोलीला. वीस वर्षं आपण 'करू या, करू या' म्हणत होतो आणि दर वेळी शाळांचे गणवेश आडवे यायचे. मेस्त्रीला जागा दाखवताना मला ती खोली पहिल्यांदाच परक्याच्या डोळ्यांनी दिसली. घराच्या मागे, रस्त्यापेक्षा खाली, खड्ड्यात नेऊन बसवल्यासारखी. वर पत्रा, खिडकीपाशी दोन मशिनं, मधे कापायचं टेबल आणि कोपऱ्यात तो बिनमुंडक्याचा पुतळा. मेस्त्री म्हणाला, तुम्ही दोघी इथे दिवसभर बसायचात, मग जायचात कुठे? मी बोट वर केलं. अंगण ओलांडायचं, आणि चौदा पायऱ्या चढून माझ्या घरात जायचं. तळमजल्यावरचा भाडेकरू, तो दातांचा डॉक्टर, कितीदा म्हणाला की आमचं वापरा, पण गाल सुजलेल्या आठ माणसांच्या रांगेतून मान खाली घालून जाणार कोण? तू गेली नाहीस, मीही गेले नाही.  मेस्त्रीने त्या पायऱ्या दोनदा मोजल्या.

तू विचारणार नाहीस, म्हणून धंद्याचं मीच सांगते. शर्ट घेणं बंद केलंय. माझ्या हातची कॉलर बसत नाही, हे मी भांडताना तुझ्यापुढे कधी कबूल केलं नाही, आता करते. एका गिऱ्हाइकाने कॉलर उलटीसुलटी करून विचारलं, बटणबाई कुठे गेल्या? लोकांचं काय, त्यांनी आपली नावं ठेवली ती ठेवलीच. तू काजं-बटणं करायचीस आणि होतीसही तशीच गोलमटोल, म्हणून बटण. माझ्या जिभेमुळे मी कात्री. मी म्हटलं, बटणबाई गावाला गेल्यात. आठ महिने तू गावाला आहेस, सगळ्या बाजाराला वाटतंय तुझं तिकडे मोठं प्रस्थ आहे. मी आता उशांचे अभ्रे शिवते, पडदे शिवते. सरळ शिवण, डोकं लागत नाही. आणि तोच त्रास आहे, डोकं मोकळं राहतं आणि नको तिकडे फिरतं. तुझ्या मशीनला दर सोमवारी तेल देते, चाक फिरवून बघते. दोन्ही मशिनं एकदम चालायची तेव्हा दातवाल्याचं ते यंत्र मला कधी ऐकू आलं नव्हतं. आता रोज येतं, कुणाच्या दाढेत किती वेळ फिरलं तेसुद्धा कळतं. पुतळ्याशी बोलते मी. त्याला अजून नाव ठेवलेलं नाही, एवढी अक्कल शिल्लक आहे. फार एकटं वाटतं गं. या वयात असं लिहायची लाज वाटते, पण वाटतं त्याला काय करू.

तर मेस्त्री. साठीचा माणूस, कानामागे पेन्सिल, बोलताना आपल्याकडे न बघता जमिनीकडे बघणारा. त्याने एका पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक मला खोलीच्या दारात धरायला लावलं, दुसरं घेऊन स्वतः रस्त्यावरच्या चेंबरपाशी गेला आणि तिथून ओरडला, ढाळ नाही! म्हणजे काय, तर पाणी जायला दर चार फुटांना इंचभर उतार लागतो, आणि आपली खोली त्या चेंबरमधल्या पाइपापेक्षाही नऊ इंच खाली. संडासाचं पाणी चढावर जाणार कसं? उलट रस्त्यावरचंच आपल्याकडे पाहुणं येईल. शोषखड्डा खणू म्हटलं, तर तीन फुटांवर पाणी लागलं. पंप बसवू म्हटलं, तर वीज गेली की कारभार आटोपला. शेवटी तो म्हणाला, सोपं आहे बाई, चौथरा बांधतो आणि तीन पायऱ्या वर संडास देतो. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, बुटक्या पायऱ्या करतो. मी म्हटलं, बुटकी नको, उंच नको, एकही नको, उंबरासुद्धा नको. तेव्हा त्याने पहिल्यांदा जमिनीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, दिवसातून दहा वेळा चौदा पायऱ्या चढता, मग तीनचं काय भ्या वाटतं? आहे तरी कुणासाठी हा संडास? मी म्हटलं, गिऱ्हाइकांसाठी. त्याला ते पटलं नाही, त्याच्या तोंडावर दिसलंच.

त्या दिवसाचंही लिहून टाकते. आपण दोघींनी त्याला आजवर हात लावला नाही. शाळा उघडायला चार दिवस उरले होते, शर्टांचा ढीग तुझ्या डोक्याच्या वर गेला होता आणि तू सकाळपासून जागची उठली नव्हतीस. त्याच्या कितीतरी आधीपासून तू पाणी पिणं कमी केलं होतंस. ते मला दिसत होतं, आणि मी तुला उंट म्हणून चिडवतही होते. पायऱ्या टाळायला तू तहान मारतेयस, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. सगळ्या गावाची मापं घेते आणि शेजारी बसलेल्या बाईचं कळत नाही, अशी मी. मग ती एक आई मुलीच्या फ्रॉकचं माप घेऊन आली, तू उठायला गेलीस आणि तिथेच थबकलीस. तुझ्या स्टुलाखाली फरशी ओली होती. मी झटकन म्हणाले, अगं, बाटली सांडली वाटतं तुझी. तू हो म्हणालीस. बाटली टेबलावर होती, भरलेली, झाकण लावलेली. त्या बाईने पाहिली की नाही, देवाला ठाऊक. तू अस्तराचा एक तुकडा कमरेभोवती गुंडाळलास, उभ्यानेच हातातल्या काजाचा दोरा तोडलास आणि घरी गेलीस. दुसऱ्या दिवसापासून तुझे गुडघे सुरू झाले. मी मात्र सहा महिने स्वतःला सांगत राहिले की मी किती शहाणपणाने वेळ मारून नेली.

मेस्त्रीने मग खोलीच्या मागच्या बाजूला नळी लावून पाहिली. मागची गल्ली आपल्यापेक्षा चांगली हातभर खाली निघाली. तिथलं चेंबर मोकळं, ढाळ हवा तेवढा. फक्त मधे भिंत, आणि भिंतीपलीकडे करवतचं अंगण. हो, आपला करवत. आपल्या झाडाची पानं पोत्यात भरून त्याने आपल्याच दारात आणून ठेवली होती, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्याच्या खरखरीत आवाजावरून नाव तू ठेवलंस, नक्कल मी करायची, आणि दोघी मशीनवर डोकं टेकून हसायचो. मी मेस्त्रीला म्हटलं, दुसरी वाट काढा. तो म्हणाला, पाण्याला तरी दुसरी वाट नाही, तुम्हाला असेल तर बघा. तीन दिवस मी त्याच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. चौथ्या दिवशी त्यानेच दार उघडलं आणि त्या आवाजात विचारलं, काय, पानं मोजायला आलात?

मी घरून वाक्यं पाठ करून गेले होते. गिऱ्हाइकांची गैरसोय, नगरपालिकेचे नियम, असलं काहीबाही. तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, माझी मैत्रीण यायची बंद झालीय, तिला पायऱ्यांपर्यंत पोचता आलं नाही. एवढं बोलले, आणि ज्याला अकरा वर्षं तोंड दाखवलं नव्हतं त्याच्यासमोर ढसाढसा रडले. त्याने पाणी आणून दिलं. म्हणाला, कुठून खणायचं तिथून खणा. मग जरा थांबून म्हणाला, माझ्या बायकोचं चार वर्षं सगळं अंथरुणातच होतं, मीच धुवायचो, त्यात काय एवढं, आपलंच माणूस. बटण, त्याची बायको जाऊन दोन वर्षं झाली. ती आजारी होती हेसुद्धा आपल्याला माहीत नव्हतं. त्याचं दार मागच्या गल्लीत, आपलं पुढच्या रस्त्याला, कळणार कसं, अशी मी घरी येईपर्यंत मनाची समजूत घालत होते. पण भिंतीच्या अलीकडे आपण त्याची नक्कल करत होतो आणि पलीकडे तो चादरी पिळत होता, हे काही डोक्यातून जाईना. 'त्यात काय एवढं' हे त्याचे शब्द तर आठवडाभर माझ्या मागे लागले होते. त्या दिवशी मी जेवले नाही.

रडगाणं पुरे, आता तुला हसवते. पाइप पडला, मग आडोशाच्या भिंतींची वेळ आली. मेस्त्री म्हणाला, आतली जागा केवढी हवी ते एकदाच आखून द्या, पुन्हा कटकट नको. आखून द्यायला मला काय, जन्म त्यात गेला. आपला खाकी कागद घेतला, खडू घेतला आणि अख्खा संडास कापून काढला. कमोड इथे, धरायची दांडी इथे, दार एवढं रुंद की उद्या हातात काठी आली तरी अडायला नको. वर कडेने शिलाईला अर्धा इंच जागा सोडली, तीही लिहिली. कागद फरशीवर अंथरला, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि कमोड बघायला दुकानात गेले. तासाभराने येते तर मेस्त्रीने विटांचे दोन थर रचलेले, आणि आत शिरायचं तर माणसाला आडवं होऊन शिरावं लागेल. दोन फूट रुंदी! मी ओरडले, कपाट बांधताय का? तो म्हणाला, कागदाबाहेर सूतभर गेलो असेन तर मिशी काढून देतो. आणि खरंच गेला नव्हता. अगं, मी अर्धाच कापला होता! सदऱ्याचा पाठीचा भाग कापतो ना, तसा, घडीवर. एका कडेला माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'घडी'. चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप अर्ध्यावर थांबला. कापड दुमडलेलं असलं की उरलेला अर्धा घडीच्या पलीकडे असतोच की. कमोडसुद्धा अर्धाच काढलेला, मेस्त्रीला वाटलं नवीन फॅशन असेल. आणि 'घडी' वाचून त्याला काय वाटलं सांगू? त्या भिंतीवर घड्याळ लावायचंय! त्याने खिळासुद्धा काढून ठेवला होता. म्हणाला, मनात आलं होतं, बसल्यावर वेळ कशाला बघायची, पण तुम्हाला बोलणार कोण. मी हसत सुटले, ती तिथेच विटांवर बसले. त्याला दोनदा समजावलं, त्याने दोनदा मान डोलावली, चेहरा तसाच कोरा. तुला मी नुसता तो कागद दाखवला असता तर तू जमिनीवर लोळली असतीस. जगात ज्याला हे न सांगता कळलं असतं ते एकच माणूस, आणि ते घरी झोपलेलं. हसता हसता माझं रडू सुरू झालं, तसा मेस्त्री घाबरला आणि म्हणाला, पाडतो बाई, आत्ता पाडतो.

परवा पाणी सोडून पाहिलं. आपलंच पाणी पोचतंय हे कळावं म्हणून मेस्त्रीने बादलीत कपड्यांची नीळ कालवली. मी आणि करवत मागच्या गल्लीत चेंबरपाशी ओणवे. त्याला आता करवत म्हणवत नाही, पण खरं नाव माहीत नाही आणि अकरा वर्षांनी विचारायचं कसं? पहिल्या बादलीला काही नाही. दुसरीला नुसता आवाज. तिसऱ्या बादलीला पाइपाच्या तोंडाशी निळं पाणी दिसलं. धावत नाही, रेंगाळत नाही, सावकाश चालत आलं. मेस्त्री म्हणतो, ढाळ बरोबर असला की असंच येतं. आपला शेजारी 'आलं, आलं!' म्हणून असा ओरडला की गल्लीतली कुत्री उठून बसली. मी वळून 'बघ गं' म्हणाले, आणि वळल्यावर लक्षात आलं की त्या बाजूला कुणी नाही. मग मेस्त्रीने चेंबरचं झाकण लावलं आणि आम्ही आत आलो. आता सगळं झालंय. एकही पायरी नाही. तुझ्या मशीनपासून माझी अकरा पावलं, तुझी तेरा धर. दोन्ही हातांना दांड्या आहेत, आतून कडी आहे, आणि खिडकी इतकी वर आहे की दातवाल्याच्या दारातून कुणी मान उंचावली तरी काही दिसायचं नाही.

आता खरं लिहिते. इथवर जे लिहिलं ते हे टाळायला लिहिलं. त्या दिवशी तू गेल्यावर मी तुझं स्टूल अंगणात नेलं. त्यावर फिनेल ओतलं, घासलं, पुन्हा ओतलं. तुझी बसायची उशी धुता आली असती. मी ती काठीने उचलली आणि कचऱ्यात टाकली. काठीने, बटण, हाताने नाही. मला किळस आली. मी आजारात पडून होते तेव्हा जिने माझ्या ओकाऱ्या ओंजळीत झेलल्या, तिची मला किळस आली. मान वर केली तर तू फाटकात उभी होतीस. चष्मा विसरला होता तुझा, तो न्यायला परत आली असशील. माझ्या हातातल्या काठीकडे तू पाहिलंस. मी तुला पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं दाखवून मान खाली घातली. हाक मारली नाही. पुन्हा वर पाहिलं तेव्हा फाटक लागलेलं होतं. तू ओल्या फरशीपायी यायची थांबली नाहीस, माझ्यापायी थांबलीस, आणि आठ महिन्यांत माझं नाव कुणापुढे काढलं नाहीस, सुनेपुढेसुद्धा नाही. मी विटा आणल्या, खड्डे खणले, शेजाऱ्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले, पण तुझ्या दारात येऊन हे सांगायचं धाडस मला झालं नाही. मला माफ कर, एवढं लिहायलाच बसले होते. संडास बघायला ये असं म्हणत नाही. आलीस तर तुझाच आहे, न आलीस तरी दुसऱ्या कुणासाठी बांधलेला नाही. फक्त एकदा फोन उचल आणि मला बोल. नीच म्हण, कृतघ्न म्हण, त्या काठीवरून वाट्टेल ते बोल. सुनेसमोर बोल, ओरडून बोल. मी मधे एक शब्द बोलणार नाही, आणि तू दमेपर्यंत फोन ठेवणार नाही.

तुझीच,
कात्री